डॉस आणि विंडोज ९८च्या गेम्ससाठी पेंटियम थ्री मशीन जोडताना

जुन्या गेम्ससाठी मशीन जोडायचं ठरलं की पहिली धाव जुन्या बाजाराकडे जाते. तिथे एखादा पेंटियम फोर स्वस्तात मिळतो. घरी आणून त्यावर विंडोज ९८ टाकलं की एज ऑफ एम्पायर्स झकास चालतो, पण डूम मुका राहतो आणि काही गेम्स इतके पळतात की हातात येत नाहीत. म्हणून पार्ट नंतर, गेम्सची यादी आधी. खरोखर खेळायचे आहेत असे दहा-पंधरा गेम्स कागदावर लिहा. प्रत्येकापुढे साल लिहा आणि तो डॉसचा (विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालणारी प्रणाली) की विंडोजचा तेही लिहा. मशीनबद्दलचा जवळपास प्रत्येक निर्णय या कागदावरून होतो.

यादीचे साधारण तीन गट पडतात. पहिला शुद्ध डॉसचा: प्रिन्स ऑफ पर्शिया (डॉसवर १९९०), डेंजरस डेव्ह, वुल्फेनस्टाइन थ्रीडी (१९९२), डूम (डिसेंबर १९९३). दुसरा विंडोज ९५ आणि ९८चा: रोड रॅश (१९९६), नीड फॉर स्पीड टू आणि एज ऑफ एम्पायर्स (१९९७), हाफ-लाइफ आणि कमांडोज (१९९८), मिडटाउन मॅडनेस (१९९९). तिसरा गट २००१ नंतरचा, म्हणजे व्हाइस सिटी (पीसीवर २००३) आणि तिचे सोबती. पहिले दोन गट एका मशीनवर उत्तम बसतात. तिसरा बसत नाही. त्याला विंडोज एक्सपी आणि पेंटियम फोर किंवा त्यापुढचं मशीन हवं. तिन्ही गट एकाच डब्यात कोंबायच्या नादात बरेच जण असं मशीन करून बसतात, ज्यावर एकही काळ नीट चालत नाही. हा लेख पहिल्या दोन गटांसाठी आहे.

यादीत फक्त चार-पाच डॉस गेम्स असतील आणि तुम्हाला ते नुसते खेळायचे असतील, तर खर्च करू नका. आजच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स हा डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम टाका. ते फुकट आहे आणि खूप चांगलं आहे. खरं मशीन जोडायचं ते काचेच्या मॉनिटरसाठी, साउंड कार्डाच्या खऱ्या आवाजासाठी, आणि आपण काय चालवतोय ते मुळापासून समजावं म्हणून. मला ही कारणं पुरेशी वाटतात.

मदरबोर्ड: इथे घाई नको

शोधायचा तो इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड. चिपसेट म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि कार्डं एकमेकांना जोडणाऱ्या बोर्डावरच्या मुख्य चिप्स. हा चिपसेट १९९८चा. त्याच्या बोर्डांवर कार्डं खोचायचे पीसीआय स्लॉट असतात, ग्राफिक्ससाठी एजीपी असतो, आणि बहुतेकांवर एक ते तीन आयएसए, म्हणजे त्याहून जुन्या पद्धतीचे, स्लॉटही असतात. पीसीआयचे स्लॉट पांढरे आणि आखूड, आयएसएचे काळे आणि लांब. बोर्ड हातात घेतल्यावर सर्वात आधी हे काळे लांब स्लॉट शोधा, कारण डॉस गेम्सचा आवाज त्यांच्यावर अवलंबून आहे. असूसचे पी२बी आणि पी३बी-एफ, अबिटचा बीएच६, खुद्द इंटेलचा एसई४४०बीएक्स-२ हे या घराण्यातले नावाजलेले बोर्ड. बीएक्स नाहीच मिळाला तर व्हियाच्या अपोलो प्रो १३३ चिपसेटचा, आयएसए असलेला बोर्डही चालतो. मात्र त्यात व्हियाचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो पार्ट ओळखायला लावणारे प्रोग्राम, आधी टाकावे लागतात.

इंटेल ८१० चिपसेटपासून सावध राहा. तो सेलेरॉन या इंटेलच्या स्वस्त प्रोसेसरच्या मशीनसाठी काढलेला चिपसेट, म्हणून आपल्याकडच्या जुन्या ढिगात हमखास दिसतो. ग्राफिक्स बोर्डातच असतं आणि एजीपी स्लॉट नसतोच, त्यामुळे पुढे चांगलं कार्ड टाकायची वाट बंद. ८१५ त्याहून बरा. त्यावर एजीपी बहुधा मिळतो, पण आयएसए क्वचितच.

प्रोसेसर ४५० ते ८०० मेगाहर्ट्झमधला पेंटियम थ्री घ्या. सगळ्यात सरळ निवड म्हणजे १९९९च्या सुरुवातीचा ४५० किंवा ५०० मेगाहर्ट्झवाला, काळ्या काडतुशीसारखा, स्लॉट वनमध्ये उभा बसणारा. त्याला २ व्होल्ट लागतात आणि जवळपास कुठलाही बीएक्स बोर्ड ते देतो. नंतरचे कॉपरमाइन जातीचे पेंटियम थ्री कमी व्होल्टेजवर चालतात. सुरुवातीच्या काही बोर्डांना इतकं खाली उतरता येत नाही, म्हणून बोर्डाची नेमकी आवृत्ती पाहिल्याशिवाय तो घेऊ नका. प्रोसेसरच्या वेगापुढे ‘बी’ अक्षर असेल तर तो १३३ मेगाहर्ट्झच्या बसचा (बस म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यातला रस्ता). बीएक्स अधिकृतपणे १०० मेगाहर्ट्झचा आहे, तेव्हा तो सोडून द्या.

रॅम १६८ पिनांची एसडीरॅम, पीसी१०० किंवा पीसी१३३. २५६ एमबी पुरे. ५१२ एमबीच्या वर गेलात तर विंडोज ९८च गोंधळतं आणि त्यासाठी सिस्टम.आयएनआय फाइलमध्ये कॅशची मर्यादा लिहावी लागते. बीएक्सची एक खोड लक्षात ठेवा: २५६ एमबीची एकच स्टिक घेणार असाल तर तिच्यावर दोन्ही बाजू मिळून १६ चिप्स हव्यात. आठच चिप्स असलेली स्टिक हा बोर्ड अर्धीच ओळखतो किंवा मुळीच ओळखत नाही.

बोर्ड विकत घेण्याआधी उजेडात धरा आणि प्रोसेसरच्या आसपासचे कपॅसिटर पाहा. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली असतील, फाटून तपकिरी कवच बाहेर आलं असेल, तर तो बोर्ड कपॅसिटर बदलल्याशिवाय घ्यायचा नाही. विशेषतः १९९९ नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांत हा रोग फार. सोल्डरिंग येत असेल तर मात्र असा बोर्ड कमी पैशात मागा. त्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे ‘लो ईएसआर’ (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर लावले की तो पुन्हा उभा राहतो. ऋण बाजूचा पट्टा कुठे होता त्याचा फोटो काढूनच जुना कपॅसिटर उपसा.

आवाज

मला विचाराल तर या मशीनचा जीव साउंड कार्डात आहे. डॉस गेमला ड्रायव्हर हा प्रकार माहीत नसतो. तो सरळ कार्डाशी बोलतो: पोर्ट २२० (कार्डाचा पत्ता), आयआरक्यू ५ किंवा ७ (प्रोसेसरचं लक्ष वेधायची तार), डीएमए १ (रॅममधून आवाज थेट उचलायची वाट). आयएसए कार्ड या पत्त्यावर खरोखर बसलेलं असतं. पीसीआय कार्ड तिथे नसतं. त्याचा ड्रायव्हर ‘मी तिथेच आहे’ असं भासवतो. काही गेम्स फसतात, काही गप्प होतात, काही अडकून पडतात. म्हणून आयएसए स्लॉटचा एवढा आग्रह.

क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर १६ हे सगळ्यांच्या ओळखीचं कार्ड, १९९२पासूनचं. त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. जुन्या आवृत्त्यांवर यामाहाची ओपीएल३ ही संगीत तयार करणारी चिप असते आणि डूमचं ते घुमणारं संगीत तिच्यावरच खरं वाजतं. नंतरच्या आवृत्त्यांत आणि एडब्ल्यूई६४ या पुढच्या कार्डात क्रिएटिव्हने त्या चिपची स्वतःची नक्कल बसवली. ती वाईट नाही, पण शेजारी ठेवून ऐकली तर फरक कळतो. नावासाठी अडून बसू नका. यामाहाच्या स्वतःच्या ७१८ किंवा ७१९ चिपची आयएसए कार्डं आणि ईएसएसची १८६८ चिपवाली कार्डं भंगारात कुणी विचारत नाही. ती साउंड ब्लास्टर प्रो म्हणून डॉसमध्ये सुरेख चालतात. ढिगात आखूडसं, बिननावाचं आयएसए कार्ड दिसलं तर चिपवरचं छापील वाचा.

सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत जाणारी चार तारांची बारीक ऑडिओ केबलही ढिगातून उचला. क्वेक (१९९६) आणि त्या काळच्या कित्येक गेम्सचं संगीत सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखं असतं आणि या केबलमधूनच ते स्पीकरकडे येतं. केबल नसेल तर गोळ्यांचे आवाज येतात, संगीत येत नाही, आणि माणूस ड्रायव्हर बदलत बसतो.

ग्राफिक्स

या बाबतीत लोक फार भावुक होतात. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डांनी १९९६ ते १९९९ या काळात पीसीवरचे थ्रीडी गेम्स घडवले. ग्लाइड ही त्यांची स्वतःची भाषा, आणि काही गेम्स तिच्यातच सर्वात देखणे दिसतात. २०००च्या डिसेंबरात कंपनीने गाशा गुंडाळला आणि तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. तेव्हापासून ही कार्डं संग्राहकांची झाली आणि किमतीही तशाच झाल्या. वूडू टू घेतलंत तर लक्षात ठेवा की ते एकटं चालत नाही. साधं चित्र दाखवायला दुसरं कार्ड लागतं आणि दोघांमध्ये बाहेरून व्हीजीए केबल जोडावी लागते.

माझा सल्ला: सुरुवात रिव्हा टीएनटी२ किंवा जीफोर्स२ एमएक्सने करा. दोन्ही कार्डं भरपूर निघाली, अजून सापडतात, पहिल्या दोन गटांतलं जवळपास सगळं चालवतात आणि डॉसचं चित्रही नीट देतात. यादीत ग्लाइडवरच खुलणारे गेम्स असतील तर वूडू थ्री नंतर शोधा. तोवर मशीन चालू असेल, खेळ सुरू असेल.

एजीपीच्या खाचेकडे नीट बघा. बीएक्सचा स्लॉट ३.३ व्होल्टचा. पुढे पेंटियम फोरच्या ८४५ आणि ८६५ चिपसेटमध्ये तो १.५ व्होल्टचा झाला. कार्डावरची खाच आणि स्लॉटमधला दांडा जुळले तरच कार्ड बसतं. बसत नसेल तर जोर लावू नका.

एसएमपीएस

जुना एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, जुन्या कॅबिनेटबरोबर येतो म्हणून तसाच वापरायचा मोह होतो. वीस-पंचवीस वर्षांचा, आतून धुळीने भरलेला एसएमपीएस जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो. नवा, बऱ्या कंपनीचा घ्या. २४ पिनांचा प्लग चालतो. चार पिना सुट्या होत असतील तर उत्तम, नाहीतर त्या बोर्डाच्या वीस पिनी सॉकेटबाहेर लोंबत्या राहिल्या तरी बिघडत नाही. मात्र शेजारी त्यांना आडवा येणारा पार्ट नसावा. स्टिकरवर ५ व्होल्टच्या रकान्यात निदान २० अँपिअर असावेत, कारण त्या काळची मशीन्स १२ व्होल्टपेक्षा ५ व्होल्टवर जास्त भार टाकतात आणि आजचे एसएमपीएस नेमके तिथे हलके असतात.

जुनाच वापरायचा असेल, आणि विशेषतः तो परदेशातून आलेला असेल, तर मागचा छोटा लाल खटका बघा. त्यावर ११५ किंवा २३० दिसतं. आपल्याकडे २३०च हवं. ११५वर राहिलेला खटका आणि आपल्या भिंतीतला करंट एकत्र आले की मोठा आवाज होऊन खेळ संपतो. तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. नसेल तर लोखंडी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.

डिस्क आणि मॉनिटर

फिरणारी जुनी हार्ड डिस्क वापरू नका. तिची घरघर ऐकायला गोड वाटते, पण ती कधी बंद पडेल सांगता येत नाही. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि ते आयडीई केबलला (त्या काळच्या डिस्कची रुंद पट्टा केबल) जोडणारा अ‍ॅडॅप्टर घ्या. १६ किंवा ३२ जीबी पुरे. मोठं घेऊन उपयोग नाही, कारण १९९९च्या मध्याआधीचे बरेच बायोस (मशीन सुरू होताच चालणारा, बोर्डातच साठवलेला प्रोग्राम) ३२ जीबीच्या पुढे अडकतात आणि विंडोज ९८चा मूळ ड्रायव्हर १३७ जीबीच्या पुढचं नीट हाताळत नाही. कार्डाचा सगळ्यात मोठा फायदा पुढे कळतो: ते काढायचं, आजच्या कॉम्प्युटरच्या कार्ड रीडरमध्ये घालायचं, गेम्स कॉपी करायचे आणि परत लावायचं. विंडोज ९८ला पेन ड्राइव्ह आपणहून ओळखता येत नाही, त्यामुळे ही सोय मोलाची.

घरातल्या जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क असेल तर ती फॉरमॅट करण्याआधी तिच्यावरचे फोटो आणि पत्रं काढून ठेवा. विकत घेतलेल्या डिस्कवर दुसऱ्या कुणाचं काही असेल तर उघडून न बघता पुसा.

काचेचा सीआरटी मॉनिटर मिळाला तर नक्की घ्या. डॉसचे बहुतेक गेम्स ३२० बाय २०० ठिपक्यांचे आणि सेकंदाला ७० चित्रांचे. सीआरटी ते चार-तीनच्या चौकटीत जसं हवं तसं भरतो. रुंद एलसीडीवर तेच चित्र आडवं ताणलं जातं आणि पुसट होतं. सीआरटी मिळाला नाही तर १०२४ बाय ७६८चा चौकोनी जुना एलसीडी बघा. विंडोज ९८ सीआरटीवर बहुधा ६० हर्ट्झ लावतं आणि डोळे दुखतात. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ८५ करा. मॉनिटर आतून उघडू मात्र कधीच नका. स्विच बंद करून, वायर काढूनही आत हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो. ते काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या मेकॅनिकचं.

कुठे शोधायचं

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार. अ‍ॅडॅप्टर, एसएमपीएस, केबल्स अशा नव्या वस्तूंसाठी लॅमिंग्टन रोड. पण सगळ्यात चांगली मशीन्स बाजारात येतच नाहीत. ती डीटीपीवाल्यांकडे, छापखान्यात, हिशेबनिसाच्या कचेरीत, शाळेच्या किंवा पॉलिटेक्निकच्या स्टोअररूममध्ये धूळ खात असतात. एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी किंवा पॅरलल (प्रिंटरच्या) पोर्टला लागणाऱ्या डाँगलसाठी, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या खुंटीसाठी, विंडोज ९८ जपून ठेवलेलं असतं. ओळखीत विचारा. ‘काका, तो माळ्यावरचा कॉम्प्युटर द्यायचा आहे का?’ या एका प्रश्नाने आख्खं मशीन, कीबोर्ड, सीड्या आणि माहितीपुस्तिकेसकट मिळू शकतं. किलोच्या भावाने भंगारात जाण्याआधी ते तुमच्याकडे आलं पाहिजे.

जोडणी

सगळं एकदम कॅबिनेटमध्ये बसवू नका. टेबलावर पुठ्ठा ठेवा, त्यावर बोर्ड. प्रोसेसरची जुनी वाळलेली पेस्ट काढून नवी थर्मल पेस्ट लावा, पंखा हाताने फिरवून बघा. रॅमच्या आणि कार्डांच्या सोनेरी कडा साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीवर आपल्याकडचे सगळे मेकॅनिक पहिला हा उपाय करतात, आणि तो खरंच लागू पडतो. सीआर२०३२ सेल नवा घाला. कोरड्या हिवाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, अंगात साचलेला स्थिर करंट चिप मारू शकतो. काम करताना मधूनमधून अर्थिंग असलेल्या उघड्या धातूला हात लावत जा.

आता फक्त प्रोसेसर, एक रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि बोर्डाचा छोटा स्पीकर जोडा. बोर्डावरच्या, पॉवर बटणाची वायर लागते त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की मशीन सुरू होतं. अवॉर्ड बायोस असेल तर एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स कार्ड. लांब बीप वाजतच राहिले तर रॅम. आवाजच नसेल तर प्रोसेसर किंवा एसएमपीएसपासून सुरुवात करा.

चित्र आलं की एकेक गोष्ट वाढवा आणि दर वेळी सुरू करून बघा. पट्टा केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे. फ्लॉपीचा दिवा सतत पेटलेला राहिला तर केबल उलटी लागली आहे. फ्लॉपीच्या केबलमध्ये तारांना पीळ असतो, त्या पिळाच्या पुढच्या टोकाला लावलेला ड्राइव्ह ए होतो. फ्लॅश कार्ड पहिल्या केबलवर मास्टर, सीडी ड्राइव्ह दुसऱ्या केबलवर मास्टर. एकाच केबलवर दोघांना ठेवलं तर मास्टर कोण हे ठरवणाऱ्या जंपरची (पिनांवरच्या छोट्या टोप्यांची) भांडणं सुरू होतात.

बायोसमध्ये तीन कामं. डिस्क ‘ऑटो’वर, एलबीए मोडमध्ये. प्लग अँड प्लेच्या पानावर आयआरक्यू ५ ‘लेगसी आयएसए’साठी राखून ठेवा. प्रिंटर जोडायचा नसेल तर पॅरलल पोर्ट बंद करा, म्हणजे आयआरक्यू ७सुद्धा मोकळा होतो.

विंडोज ९८ टाकणं

सेकंड एडिशनच वापरा, १९९९चं. पहिल्या आवृत्तीपेक्षा ते सगळ्या बाबतींत बरं आहे. जुन्या ब्रँडेड कॅबिनेटवर प्रॉडक्ट कीचा स्टिकर अजून चिकटलेला असतो, तो जपा.

बूट फ्लॉपी किंवा सीडीवरून डॉसमध्ये या आणि डिस्कचे भाग पाडणारा एफडिस्क हा प्रोग्राम चालवा. मोठ्या डिस्कचा आधार हवा का, असं ते सुरुवातीलाच विचारतं. ‘वाय’ द्या. दोन भाग करा, सीमध्ये विंडोज, डीमध्ये गेम्स. पहिला भाग अ‍ॅक्टिव्ह करायला विसरलात तर मशीन बूट होणार नाही. रीस्टार्ट करून दोन्ही भाग फॉरमॅट करा, सी मात्र ‘स्लॅश एस’ लावून. त्यानंतर सीडीवरचं विन९८ हे फोल्डर आख्खं सीवर कॉपी करा आणि सेटअप तिथूनच चालवा. हे जास्तीचं काम फार उपयोगी आहे. विंडोज ९८ प्रत्येक बारीक बदलाला सीडी मागतं, आणि फाइल्स डिस्कवरच असल्या तर ती कटकट कायमची जाते.

ड्रायव्हरचा क्रम चुकवू नका. आधी चिपसेट, मग डायरेक्टएक्स, मग ग्राफिक्स, मग साउंड. प्रत्येकानंतर रीस्टार्ट. एका वेळी एकच कार्ड बसवून ड्रायव्हर टाकला की कोण कुणाशी भांडतंय ते लगेच समजतं. ग्राफिक्सचा सगळ्यात नवा ड्रायव्हर शोधू नका, कार्ड बाजारात आलं त्याच्या वर्ष-दीड वर्षाच्या आतला घ्या. नेटवर्क कार्ड लावलंत तर ते घरातल्या घरात फाइल्स नेण्यापुरतं. विंडोज ९८ची सुरक्षा-डागडुजी ११ जुलै २००६ रोजी थांबली आहे, हे मशीन इंटरनेटवर सोडायचं नाही.

खरा डॉस

विंडोजच्या आत डॉसची खिडकी उघडून बरेच गेम्स चालतात. अडून बसणाऱ्यांसाठी सरळ डॉसमध्ये बूट करा. एमएसडॉस.सिस या फाइलमध्ये ‘बूटजीयूआय’ची किंमत १ असते, ती ० केली की मशीन डॉसमध्येच उठतं आणि विंडोज हवं तेव्हा ‘विन’ टाइप करायचं. मी प्रत्येक मशीनवर हेच करतो.

डॉसमधली मुख्य लढाई पहिल्या ६४० केबीची आहे. रॅम २५६ एमबी असली तरी जुन्या गेमला या पहिल्या तुकड्यातच जागा हवी असते आणि ड्रायव्हर तीच अडवून बसतात. कॉन्फिग.सिसमध्ये पहिली ओळ हायमेम.सिसची. दुसरी ईएमएम३८६.ईएक्सईची, पुढे ‘रॅम’ हा शब्द. तिसरीत डॉस, बरोबरचं चिन्ह, हाय, स्वल्पविराम, यूएमबी. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये सीडीचा एमएससीडीईएक्स आणि माउसचा ड्रायव्हर, दोन्हींच्या आधी ‘एलएच’ लिहून, म्हणजे ते वरच्या जागेत बसतात. माउससाठी क्यूटमाउस वापरा, फार कमी जागा घेतो. माउस पीएस/२ किंवा सीरियल हवा. यूएसबी माउसवर डॉसमध्ये भरवसा ठेवता येत नाही. साउंड कार्डासाठी ‘सेट ब्लास्टर’ची ओळ: ए२२०, आय५, डी१, आणि साउंड ब्लास्टर १६ असेल तर एच५ही. शेवटी ‘मेम स्लॅश सी’ चालवून पाहा. ६०० केबीच्या आसपास मोकळे दिसले तर बहुतेक गेम्स तक्रार करणार नाहीत.

‘बहुतेक’ म्हणालो कारण काही गेम्सना ईएमएम३८६च नको असतं. अल्टिमा ७ (१९९२) स्वतःची मेमरीव्यवस्था घेऊन येतो आणि ईएमएम३८६ दिसलं की सुरूच होत नाही. अशांसाठी कॉन्फिग.सिसमध्येच मेनू करा: एक पर्याय ईएमएम३८६सह, एक त्याच्याशिवाय. बूट होताना आकडा दाबायचा, बस्स.

वेग आवरणं

पेंटियम थ्री काही जुन्या गेम्ससाठी फारच वेगवान आहे. विंग कमांडर (१९९०) प्रोसेसरच्या वेगाने पळतो, जहाज दिसेपर्यंत निघून गेलेलं असतं. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही प्रोग्राम तर सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडतात. कारण त्यांच्यातलं वेग मोजणारं गणित इतक्या जलद प्रोसेसरवर कोलमडतं. उपाय बायोसमध्ये आहे. प्रोसेसरची अंतर्गत कॅश, म्हणजे त्याच्या आतली छोटी जलद मेमरी, बंद करा. मशीन एकदम ३८६च्या पातळीवर उतरतं आणि हे गेम्स माणसाच्या वेगाने चालतात. खेळून झालं की कॅश पुन्हा सुरू करायची, नाहीतर विंडोज उठायलाच युगं लागतील. मधला वेग हवा असेल, ४८६च्या आसपासचा, तर मोस्लोसारखे वेग कमी करणारे छोटे प्रोग्राम वापरून बघा. सगळ्यांना सारखे जमत नाहीत, गेमगणिक प्रयोग करावा लागतो. यादीतले बहुतेक गेम्स १९९०च्या आधीचे असतील तर मात्र हे मशीन तुमच्यासाठी नाही, वेगळं ३८६ किंवा ४८६ शोधा. तिथे आधी बॅटरीकडे पाहा. त्या बोर्डांवर सोल्डर केलेली छोटी पिंपासारखी बॅटरी असते, ती गळून आजूबाजूचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकते.

गेम्स आणण्याचे सरळ मार्ग आहेत. मूळ सीड्या जुन्या बाजारात मिळतात. डूमचा पहिला भाग शेअरवेअर, म्हणजे फुकट वाटायला मोकळा, होता, तो आजही मोकळा मिळतो. जीओजी या गेम्स विकणाऱ्या वेबसाइटवर विकत घेतलेल्या अनेक डॉस गेम्सच्या पॅकेजमध्ये डॉसबॉक्सबरोबर मूळ फाइल्सच असतात. ते फोल्डर फ्लॅश कार्डावर उतरवलं, गेमचा स्वतःचा सेटअप चालवून साउंड ब्लास्टर, २२०, ५, १ असं सांगितलं, की झालं.

मशीन मनासारखं चालायला लागलं त्याच दिवशी फ्लॅश कार्ड काढून आजच्या कॉम्प्युटरवर त्याची संपूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेऊन ठेवा, ड्रायव्हरच्या फाइल्ससकट. पुढे काहीही बिघडलं तरी नव्या कार्डावर ती इमेज उतरवली की मशीन होतं तसं परत येतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात सीड्यांना बुरशी धरते आणि कार्डांच्या कडा काळवंडतात. सीड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि जून ते सप्टेंबर मशीन आठवड्यातून एकदा तासभर तरी चालवा. आतल्या उबेने दमटपणा निघून जातो.